बटणांसकट आणा

छत्तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेली, रडकुंडीला आलेली माणसं मी गप्पा मारत मारत बाहेर काढली आहेत. त्यामुळे नगरपालिकेने कचऱ्याची नवी पद्धत आणली आणि आमची सगळी इमारत डोक्याला हात लावून बसली, तेव्हा मी म्हणालो, यात एवढं काय आहे? सोळा पानांची पुस्तिका दिली आहे. वाचायची आणि त्याप्रमाणे करायचं.

पूर्वी कोपऱ्यावर एक मोठा लोखंडी डबा होता. केळीच्या सालीपासून मोडक्या खुर्चीपर्यंत सगळं त्याच्या पोटात जायचं. तो डबा उचलून नेला. आता ओल्या कचऱ्याची हिरवी बादली रोज, सुक्याची निळी सोमवारी आणि गुरुवारी, कापडाची करडी पिशवी बुधवारी. काही चुकीचं दिलं तर गाडीवाला नेत नाही. पिवळी चिठ्ठी चिकटवतो, कारणापुढे खूण करतो आणि पिशवी फाटकापाशी ठेवून जातो, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल. पहिल्या महिन्यात आमचं फाटक शाळेच्या निकालाच्या फळ्यासारखं दिसत होतं. नापास झालेल्यांत माझं नाव नव्हतं. समोरच्या काकू दुधाची पिशवीसुद्धा मला विचारून टाकायच्या. मी जिना उतरताना जरा मान ताठ ठेवायला लागलो होतो, हे कबूल करतो.

त्यातच मुलीचा फोन आला.

माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिचं कपाट जसं होतं तसंच होतं. मुलगी दुसऱ्या गावी असते. ती दर रविवारी कपाटाचं विचारायची आणि मी दर रविवारी 'बघतो' म्हणायचो. या वेळी तिने स्पष्टच सांगितलं. "बाबा, तुम्ही ते कपाट उघडतसुद्धा नाही. तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये हे. महिनाअखेरच्या रविवारी मी येते, कपाट मी आवरते आणि तुम्हाला इकडे घेऊन येते. खोली तयार आहे."

ती खोली मी पाहिली आहे. चांगली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. जावई भला माणूस आहे, पण त्याच्या घरात मला पंखा लावताना विचारावं लागेल. आणि आमचं घर बंद होईल, ज्यात आम्ही दोघं एकतीस वर्षं राहिलो. मी म्हणालो, तू येशील तेव्हा कपाट रिकामं असेल आणि ते मी माझ्या हाताने केलेलं असेल. नसेल तर मी बॅग भरून दारात बसलेला दिसेन.

"शब्द?"

"शब्द."

माझ्या हिशेबाने हे एका बुधवारचं काम होतं.

आमची ही दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची. कॉलरचे शर्ट, पुढून बटणं असलेले स्वेटर, दोन कोट, घरातले गाऊन. मी डोळे अर्धे मिटूनच कपाट उघडलं आणि हाताला येईल ते पिशवीत भरत गेलो. तीन पिशव्या झाल्या. बुधवारी सकाळी त्या फाटकापाशी ठेवल्या, मागे न बघता वर आलो आणि चहा टाकला. चहा उकळायच्या आत काकूंनी बेल वाजवली. पिशव्या तिथेच आहेत म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, चिठ्ठी आहे हो तुमच्या पिशवीला. त्यांना वाईट वाटलं होतं, पण फार वाटलं नव्हतं.

चिठ्ठीवर 'कापडात इतर वस्तू' यापुढे खूण होती. पुस्तिका काढली. पान नऊ: कापड देण्यापूर्वी बटणं, चेन, हुक काढून घ्यावेत. चूक माझीच होती.

मग मी अवजारांची पेटी उघडली. वायर कापायचा कटर घेतला आणि एक एक कपडा मांडीवर घेऊन बटणं उडवत गेलो. मशीन खोललं की सुटे भाग मापाप्रमाणे लावून ठेवायचे, हा आमच्या कामातला पहिला धडा. लहान बटणं एका डब्यात, मध्यम दुसऱ्यात, मोठी तिसऱ्यात, फार मोठी चौथ्यात. डब्यांवर खडूने लिहिलंसुद्धा. तीन दिवस लागले. काम इतकं नीटनेटकं झालं होतं की कोणाला तरी दाखवावंसं वाटत होतं.

पुढच्या बुधवारी मी स्वतः फाटकापाशी उभा राहिलो. गाडीवाल्याने एक पिशवी गाडीत टाकली. दुसरी उचलताना तिचं तोंड सुटलं, म्हणून त्याने आत हात घातला आणि तो थांबला. बोटांत कापड चोळून बघितलं.

"काका, हे चांगले कपडे आहेत."

मी म्हणालो, चांगलेच आहेत.

मग त्याने समजावून सांगितलं. करडी पिशवी चिंध्यांची. तिकडे एक मशीन आहे, ते कापडाच्या पट्ट्या करतं. काही गाद्यांत भरतात, काही पुसायला म्हणून कारखान्यांत जातात. "त्याच्या तोंडात द्यायचे का हे? बघा बुवा, तुमचे आहेत."

पुसायच्या त्या पट्ट्यांचे गठ्ठे मी छत्तीस वर्षं वापरले. लिफ्टच्या दोरांचं ग्रीस पुसायचं आणि फेकायचं. कधी कोणाचा शर्ट असेल असं मनात आलं नव्हतं.

मी गाडीत चढलो. चढलो म्हणजे काय, एक पाय चाकावर ठेवला आणि उरलेला मी आत पडलो. पहिली पिशवी बाकीच्या लोकांच्या जुन्या पडद्यांखाली दबली होती. मी कमरेएवढ्या चिंध्यांत उभा राहून ती ओढत होतो. गाडीवाला खालून सांगत होता की काका, सावकाश. मागच्या मोटारीचा भोंगा थांबत नव्हता. पिशवी सुटली तेव्हा मी तिच्यासकट मागे बसलो. वर पाहिलं तर काकू गॅलरीत. त्यांनी मला ओळखलं नसल्यासारखं केलं. त्यावरून समजलं की चांगलंच ओळखलं आहे.

चांगले कपडे कुठे द्यायचे ते गाडीवाल्यानेच सांगितलं. बाजाराच्या मागे पुनर्वापर केंद्र आहे, तिथे गरजूंना मिळतात. मी अंघोळ केली आणि तीन पिशव्या रिक्षात घालून तिथे गेलो. खिडकीवरच्या बाईने एक शर्ट उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग दुसरा. मग कोट.

तिने विचारलं, बटणं कुठे आहेत? मी म्हणालो, डब्यात. डबा कुठे आहे? घरी. तिने कोट घडी घालून परत ठेवला. "बटणांसकट आणा आजोबा. ज्याला थंडी वाजतेय, तो काय बटणं लावत बसेल?"

मी पान नऊ दाखवलं. तिने पान अकरा दाखवलं. 'वापरण्याजोगे कपडे जसे आहेत तसे द्यावेत.' पान अकरा मी वाचलं नव्हतं. पान नऊवर माझं काम झालं होतं.

रविवारला चार दिवस होते.

काकूंना आतापर्यंत सगळं कळलं होतं. म्हणाल्या, द्या इकडे, मी दोन दुपारींत लावून देते. मला मोह झाला. पण मुलीला 'माझ्या हाताने' असा शब्द दिला होता, आणि दुसऱ्याकडून करून घेऊन तिला थाप मारणं बरं दिसलं नसतं. मी नको म्हणालो. त्यांनी सुईत दोरा कसा ओवायचा तेवढं दाखवलं. शिकवताना त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मला आवडली नाही.

खरी अडचण दोऱ्याची नव्हतीच. मी बटणं डब्यांत मापाप्रमाणे ठेवली होती, कपड्याप्रमाणे नाही. डब्यात वीस प्रकारची मध्यम बटणं होती आणि समोर निळा स्वेटर होता. निळ्या स्वेटरची बटणं कोणती? पांढरी, की त्या कडेने सोनेरी असलेली? तो स्वेटर घालून बायको कितीतरी हिवाळे माझ्यासमोर बसून चहा प्यायली. मला आठवेना. डोळे मिटून बघितलं तर चेहरा दिसायचा, कप दिसायचा, बटणांच्या जागी काहीच नाही.

फोटो काढले. लिफ्टचे दोर तपासायचं भिंग माझ्याकडे आहे, ते घेऊन बसलो. तर बहुतेक फोटोंत ती मागे आणि मी पुढे. पस्तीस वर्षांची तिची बटणं माझ्या पोटाने झाकून टाकली होती. एका फोटोत ती एकटी होती, तो मुलीने काढलेला होता. त्यावरून काळ्या कोटाची बटणं तेवढी कळली. बाकीचं अंदाजाने.

बटण कसं लावायचं हेही मी माझ्याच पद्धतीने ठरवलं. लिफ्टला जेवढं वजन उचलायचं असेल, त्याच्या कितीतरी पट भार दोराने सोसला पाहिजे, असा नियम असतो. मी प्रत्येक बटणाला दोऱ्याचे वीस वेढे दिले आणि वर गाठ मारली. शुक्रवारी रात्रीपर्यंत डावा अंगठा चाळणीसारखा झाला होता, पण बरेच कपडे झाले होते. वेळेवर पुरं होणार नाही असंही दिसत होतं, म्हणून शनिवारी उठल्याबरोबर मी बॅग भरून दारापाशी ठेवली. शब्द म्हणजे शब्द.

दुपारी बेल वाजली. मी निळा स्वेटर मांडीवर घेऊन शेवटच्या बटणावर होतो. उठलो, तर स्वेटरही उठला. ओढून पाहिला. वीस वेढ्यांनी तो माझ्या पँटच्या गुडघ्याला शिवला गेला होता, आणि शिवण माझी असल्यामुळे सुटायचा प्रश्नच नव्हता. कात्री कुठे ठेवली ते सापडेना. बेल पुन्हा वाजली. शेवटी स्वेटरची एक बाही हातात धरून लंगडत दार उघडलं.

दारात मुलगी. एक दिवस आधी. काकूंनी तिला फोन करून सांगितलं होतं की तुझे बाबा कचऱ्याच्या गाडीत उतरले होते आणि आता दिवसभर तुझ्या आईचे कपडे मांडीवर घेऊन बसतात. यातलं काही खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मुलीने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गुडघ्याकडे, मग आत टेबलावरच्या डब्यांकडे आणि भिंगाकडे.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "आईचा स्वेटर तुमच्या पायाला का शिवलाय?"

मी म्हणालो, पान नऊ आणि पान अकरामुळे.

उत्तर बरोबर होतं. पण ते ऐकून तिचा चेहरा आणखीच उतरला.

तिने मला खुर्चीत बसवलं, कात्री शोधली आणि माझ्या पायापाशी बसून एक एक वेढा कापायला लागली. मी पहिल्या चिठ्ठीपासून सगळं सांगितलं. पडद्यांखालच्या पिशवीपर्यंत आलो तेव्हा तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. स्वेटर सुटला तरी ती तो तोंडाशी धरून तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने मला ते हसणं वाटेना, म्हणून मी पुस्तिका उघडून पान बारा वाचत बसलो.

मग ती डोळे पुसून म्हणाली, ही पांढरी बटणं याची नाहीत. याची लाकडी होती. तिने डब्यात हात घातला आणि बरोबर सहा काढून दिली. तिला सगळी माहीत होती. कुठल्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं आहे तेसुद्धा. तिने शिवायला हात लावला नाही. ती दाखवत गेली आणि मी लावत गेलो. दारातल्या बॅगेविषयी ती बोलली नाही. 

रविवारी केंद्र दुपारी एकपर्यंत उघडं असतं. खिडकीवर तीच बाई होती. तिने एक एक कपडा बघितला, बटणं ओढून बघितली, एक तर दोन्ही हातांनी ओढलं. ते हललं नाही. मग तिने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, कोणाचे आहेत?

"बायकोचे."

"त्यांना नकोत?"

"आता लागत नाहीत."

तिने शिक्का मारला. तिन्ही पिशव्या आतल्या फळीवर गेल्या. माझे हात एकदम हलके झाले आणि ते कुठे ठेवावेत कळेना.

"त्यांना सांगा," बाई पुढचा फॉर्म काढत म्हणाली, "इतकी घट्ट बटणं नका लावत जाऊ. कापड फाटेल, पण बटण निघायचं नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"सांगतो," मी म्हणालो.

कोपऱ्यापर्यंत ती माझा दंड धरून चालली. मग म्हणाली की माझ्यासाठी ठेवलेल्या त्या खोलीत नातवाचं अभ्यासाचं टेबल टाकता येईल. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "जो माणूस इतक्या सरळ चेहऱ्याने थाप मारतो, तो एकटा राहू शकतो." संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना माझी बॅग तिने स्वतः रिकामी केली.

तुम्हाला म्हणून सांगतो, ती थाप नव्हती. मुलगी गेल्यावर मी दार लावलं, रिकाम्या कपाटासमोर खुर्ची ओढली आणि केंद्रातली बाई काय म्हणाली ते हिला शब्दन् शब्द सांगितलं.

हे मुलीच्या कानावर घालू नका. टेबल हलवायला तिला वेळ लागणार नाही.