न वापरलेले सहा ग्लास

काच आपोआप जुनी होत नाही. त्यासाठी एक कुटुंब लागतं, आणि त्या कुटुंबात ती कुणाला वापरू न देणारं एक माणूस लागतं.

गुलमंडीत माझं जुन्या काचसामानाचं दुकान आहे. माल मी घरोघरी जाऊन विकत घेतो. या शहरातला प्रत्येक ग्लास निजामाच्या काळातला असतो, हे मान्य करूनच आम्ही व्यापारी उंबरा ओलांडतो. (चहापत्तीवर फुकट मिळालेलासुद्धा.) मग प्रतवारी होते. तडा गेलेला ग्लास तिसऱ्या प्रतीचा, वापरलेला दुसऱ्या. शोकेसमध्ये जन्म काढून ज्यात पाण्याचा थेंब पडला नाही, तो अव्वल.

अव्वल माल तयार व्हायला शिस्त लागते. माझी बायको द्वारका त्यात आदर्श होती. लग्नात आलेले सहा गुलाबी ग्लास तिनं मोठ्या पाहुण्यासाठी राखून ठेवले. पात्रता तीच तपासायची. व्याही नापास झाले, कारण न कळवता आले. जावयांना वाळूजला शिफ्ट गाठायची होती, आणि घाईत काच फुटते. गावाकडचे सरपंच आले, पण निवडणूक हरल्यावर. सगळे स्टीलच्या पेल्यातून पाणी पिऊन गेले.

यंदा उन्हाळ्यात द्वारका गेली. शेवटी शेवटी मी तिला चमच्यानं पाणी पाजायचो, स्टीलच्या वाटीतून. ग्लास सुरक्षित राहिले.

माझ्याच धंद्यातला राजेंद्र भेटायला आला. शोकेसकडं बघत बसला.

"कारभारीभाऊ, वापरले का हो कधी?"

"नाय."

"एकदाबी नाय?" त्याचा आवाज भरून आला. "काय जपलंय वहिनींनी! लई गुणाची बाई."

इतक्या मनापासून दुसरं कुणी बोललं नव्हतं.

"मला देऊन टाका. एकट्या माणसाला सहा काय करायचेत?"

मी उठलो, शोकेस उघडली आणि सहाही ग्लास माठातल्या पाण्यानं भरले.

"अहो, काय करता! अव्वल माल व्हता ना भाऊ!"

"पी," मी म्हणालो.

तो प्यायला नाही. धंद्यातला माणूस आहे. मग मीच एकेक करून सहाही प्यायलो. पाणी पाण्यासारखंच लागलं.

हे वागणं बेजबाबदार होतं. वाचकांनी त्याचं अनुकरण करू नये. तुमच्या शोकेसमध्येही असा एखादा सेट असेलच. त्याला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. मोठ्या पाहुण्याची वाट बघत राहा. घरातलं माणूस कमी झालं की आम्ही येतोच.