सँडविचवाल्याची गोल रांग

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. ज्याचा बसेल त्यानं इथून उठून सरळ डॉक्टरकडे जावं. तशी मला ती सांगायची घाई नाही. पण सलूनमध्ये तुम्ही चौघं नंबर लावून बसलाय, माझ्या गालाला साबण लागलाय आणि इथली मासिकं तुम्ही सगळ्यांनी दोनदा वाचलीत. न्हावी म्हणतोय, "आजोबा, बोला खुशाल, फक्त हनुवटी हलवू नका." बरं बाबा. हनुवटी न हलवता सांगतो.

तर एक सँडविचवाला होता. एका चौकोनी इमारतीत, तळमजल्यावर, त्याचं एवढंसं दुकान. इमारत चारी बाजूंनी मोकळी, सभोवार फुटपाथ. दुकानाची खिडकी फुटपाथवर उघडायची. गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, यानं आतून सँडविच द्यायचं. माणूस मन लावून काम करणारा. काकडी कापायचा ती इतकी पातळ, की चकतीतून पलीकडचं घड्याळ वाचता यावं. लोणी असं लावायचा, की पावाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यावर रुसू नये. सगळं होतं. नव्हतं ते गिऱ्हाईक.

लोक खिडकीपाशी यायचे, आत डोकवायचे, "हं" म्हणायचे आणि पुढं जायचे. त्या "हं"नं सँडविचवाल्याची झोप उडाली होती.

इमारतीची मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायची. एका सोमवारी ती खाली आली. "हे बघ सँडविचवाल्या, तू गुणाचा आहेस, पण माझ्या इमारतीत मरगळलेलं दुकान नको. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मला इथं जिवंतपणा दिसला पाहिजे. नाहीतर जागा चष्मेवाल्याला. तो दोनदा येऊन भिंती मोजून गेलाय."

"भिंती मोजल्या?" सँडविचवाल्याचा आवाज चिरकला.

"आणि आरसा कुठं लावायचा तेही ठरवून गेलाय."

त्या रात्रीच्या जेवणाला घरात एकच विषय. चांगल्या सँडविचच्या दुकानात गिऱ्हाईक बघतं तरी काय?

"स्वच्छता," बायको म्हणाली. मंगळवारी तिनं खिडकीची काच अशी घासली, की एका गृहस्थानं ती उघडीच समजून डोकं आत घातलं. टेंगूळ घेऊन गेला. सँडविच नाही घेतलं.

"ताजा पाव," सँडविचवाला म्हणाला. बुधवारी त्यानं पहाटे उठून ढीगभर पाव भाजला. गुरुवारपर्यंत नवरा-बायको दोन्ही वेळा सँडविचच खात होते.

शुक्रवारी सासूबाईंनी तोंड उघडलं. सासूबाई म्हणजे बायकोची आई. सहसा बोलायच्या नाहीत, विणकाम करायच्या. "जावईबापू, माणूस पाव बघत नाही आणि काचही बघत नाही. तो आधी बघतो, तिथं दुसरा माणूस उभा आहे का. उद्या मी उभी राहते. विणकामाच्या वर्गातल्या पाच मैत्रिणी आणते."

"पण आई, तुम्ही सहा जणींनी सँडविच घेतलं की रांग संपली."

"घेणार कोण? आम्ही फक्त उभ्या राहणार."

शनिवारी दुपारी बाराला सासूबाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मागं पाच मैत्रिणी, हातात सुया-लोकर. त्यांना सक्त ताकीद होती: काही घ्यायचं नाही, पुढच्या पाठीला चिकटून राहायचं आणि चेहरा खुशीत ठेवायचा.

सव्वाबाराला एक पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून सहावीच्या मागं उभा राहिला. "काय मिळतं इथं?"

"सँडविच," सहावी म्हणाली.

"चांगलं असतं?"

"सहा जणी उगाच उभ्या राहतील का?"

पोस्टमनला पटलं. पोस्टमनला बघून शिंपी आला, शिंप्याला बघून अख्खी बँक आली. एकला रांगेनं पहिला कोपरा ओलांडला, दोनला दुसरा. तिथं उभ्या माणसांना दुकानही दिसत नव्हतं. पण दुकानाची स्तुती तिथंच जास्त चालली होती.

"भरण कडेपर्यंत असतं म्हणे. पहिल्या घासाला नुसता पाव लागला की माझं डोकं फिरतं."

"मला विचाराल तर दुकानदार कमी बोलणारा हवा. माझा पूर्वीचा सँडविचवाला त्याच्या पोटाचं दुखणं सांगायचा. टोमॅटो कापता कापता!"

"आणि चेहरा लक्षात ठेवणारा हवा. कांदा नको हे रोज का सांगायचं?"

"हा लक्षात ठेवतो?"

"ठेवत असणार हो. नाहीतर एवढी रांग लागेल?"

इकडं खिडकीपाशी सँडविचवाला घामाघूम. "आई, आता घ्या काहीतरी आणि व्हा बाजूला. मागं पन्नास माणसं आहेत!"

"घाई करू नका, जावईबापू. रांग मुरू द्या," सासूबाई म्हणाल्या आणि परत मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारू लागल्या, "काकडीचं चांगलं की अंड्याचं?"

रांग मुरली ती अशी मुरली, की तीन वाजता तिनं तिसरा कोपरा ओलांडला आणि साडेतीनला चौथा. तिचं शेपूट इमारतीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं खिडकीच्या अगदी जवळ येऊन ठेपलं. शेपटाच्या टोकाला एक जाडगेलासा संगीतमास्तर, खिडकीकडं पाठ करून उभा.

नेमक्या त्याच वेळी सासूबाईंचे गुडघे बोलू लागले. "जरा टेकते," म्हणत त्या दारातून आत गेल्या आणि लोण्याच्या खोक्यावर बसल्या.

आता दुसऱ्या नंबरची मैत्रीण. तिची नजर सुयांवर. दोन टाके सुलट, एक उलट, मान वर केली तर समोर पाठ. सासूबाईंची नव्हती, संगीतमास्तरांची होती. पण पाठ ती पाठ. ताकीद आठवून ती एक पाऊल पुढं गेली आणि मास्तरांच्या मागं चिकटली. तिच्यामागून चौघी सरकल्या. त्यांच्यामागून पोस्टमन, शिंपी, बँक. ते एक पाऊल चार कोपरे फिरून मास्तरांच्या पुढं आलं. मास्तर म्हणाले, "वा, सरकली!" आणि पुढं गेले.

रांग गोल झाली होती. आणि गोल झाल्यामुळं ती चालू लागली होती.

लोक बेहद्द खूश. "काय चपळ दुकान आहे! बघा, थांबावं म्हणून लागत नाही!"

एकेक माणूस खिडकीवरून जात होता. सँडविचवाला कंबरेपर्यंत बाहेर वाकून ओरडत होता, "घ्या ना! तयार आहे! घ्या!"

"छे छे," शिंपी म्हणाला, "माझ्या पुढं हे पोस्टमनसाहेब आहेत."

"मग पोस्टमनसाहेब, तुम्ही घ्या!"

"माझ्या पुढं या बाई आहेत. सरकारी माणूस आहे मी, रांग मोडायची नाही."

"अहो, पण पहिलं कोण आहे?"

सगळ्यांनी पुढं बोट दाखवलं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. चारी बाजूंनी.

बायको आतून धावत आली. "अहो, आईला परत उभं करा पुढं!" सासूबाई बाहेर आल्या, खिडकीपुढं छाती काढून उभ्या राहिल्या. लगेच गलका. "आजी, मध्ये घुसू नका! मागं जा!" सासूबाई कायद्याच्या पक्क्या, त्या शेवटचा माणूस शोधायला निघाल्या. अर्ध्या तासानं घोटभर पाणी मागत परत आल्या. "जावईबापू, शेवट सापडत नाही. मी दोनदा फिरले. ज्याच्या त्याच्या मागं कुणीतरी आहेच."

फेऱ्यांवर फेऱ्या होत होत्या. पोस्टमननं तेवढ्यात त्या इमारतीचं आठवड्याचं टपाल वाटून टाकलं, सगळी दारं वाटेतच होती. शिंप्यानं तर पहिल्या फेरीत पोस्टमनच्या पाठीचं माप घेतलं आणि पाचव्या फेरीत कोटाची ट्रायल दिली.

"आजोबा," न्हावी म्हणतोय, "रांगेत चालता चालता कोट?"

बिनबाह्यांचा होता रे. बाह्यांना वेळ लागतो. तू वस्तऱ्याकडं लक्ष दे.

तर साडेचारला मालकीणबाई जिन्यावरून उतरली. समोरची गर्दी बघून तिचा चेहरा असा फुलला, की सँडविचवाल्याला वाटलं, वाचलो. पण ती म्हणाली, "गर्दी दिसली. आता चव बघते." आणि तो काही बोलायच्या आत तिनं दोन बँकवाल्यांच्या मध्ये जागा बघितली. एकानं अदबीनं मागं सरून तिला आत घेतलं. मालकीणबाईही फिरू लागली.

पहिल्या फेरीला ती हसत गेली. दुसऱ्या फेरीला तिनं घड्याळ बघितलं. तिसऱ्या फेरीला, पावणेसहा वाजता, खिडकीपाशी येताच ती कडाडली, "सँडविचवाल्या! माझी इमारत मी इतकी वर्षं राहून जेवढी बघितली नाही तेवढी आज बघितली. मागच्या बाजूचा पाइप गळतोय तेही कळलं. पण पोटात घास नाही! सहाच्या आत माझा नंबर आला नाही, तर चष्मेवाला!"

"बाई, हे घ्या, आत्ताच घ्या!" त्यानं सँडविच पुढं केलं.

"माझ्या पुढं माणूस आहे ना? मी मालकीण आहे म्हणून का रांग मोडू? लाज वाटेल मला." आणि गेली पुढं.

सँडविचवाला मटकन बसला. खोक्यावर सासूबाई, त्यांच्याशेजारी हा. दुकानापुढं शंभर भुकेली माणसं, आत शंभर सँडविचं, आणि मध्ये एक इंचही अंतर नाही. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तेच डोळे एकदम बारीक झाले.

"अहो, त्यांच्या पुढं माणूस आहे म्हणून नंबर येत नाही ना? मग त्यांच्या पुढं तुम्ही जा."

"मी? मी कसा रांगेत उभा राहू? दुकान माझं आहे!"

"तेच तर म्हणतेय!"

त्याच्या डोक्यात उजेड पडला. सँडविचांचा ट्रे उचलून तो सुसाट पळाला. दुसऱ्या कोपऱ्याजवळ त्यानं मालकीणबाईला गाठलं, तिच्या आणि पुढच्या बँकवाल्याच्या मध्ये शिरला आणि तोंड तिच्याकडं करून खांबासारखा उभा राहिला.

"हे काय? मध्ये कसा घुसलास?"

"बाई, आता तुमच्या पुढं कोण आहे?"

"तू."

"मी कोण?"

"सँडविचवाला."

"मग सँडविचवाल्याच्या समोर जो उभा असतो, त्याचा नंबर कितवा?"

मालकीणबाईनं विचार केला. नियमात कुठं फट सापडते का ते दोन्ही बाजूंनी बघितलं. सापडली नाही. सहाला पाच मिनिटं कमी असताना तिनं ट्रेमधलं काकडीचं सँडविच उचललं आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. कोपऱ्यालाही लोणी होतं. दुसरा कोपरा खाल्ला, तिसरा खाल्ला. चौथ्याला म्हणाली, "त्या चष्मेवाल्याला सांग, भिंती दुसरीकडं मोज."

मग काय विचारता! पुढचा बँकवाला पाच पावलं चालून गेला तेव्हा त्याला कळलं, की आपण आता शेपूट झालो. पण मागं येणारे एकेक करून ट्रेपाशी येत होते. संगीतमास्तरांनी दोन खाल्ली आणि तिथंच तान घेतली. पोस्टमननं नव्या कोटाच्या खिशात एक ठेवलं. सासूबाईंच्या पाच मैत्रिणींनी ताकीद झुगारून तीन-तीन घेतली. सात वाजता ट्रेमध्ये एक काकडीची चकतीसुद्धा उरली नव्हती, आणि सँडविचवाला फुटपाथवर उभा राहून बायकोचे दोन्ही हात धरून नाचत होता.

आणि हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाहीये, मंडळी. मी तिथं होतो. खरं सांगू का, मालकीणबाईच्याही आधी एक सँडविच गेलं होतं, ते मी खाल्लं. हसू नका. त्या रांगेत दुपारी साडेतीनपासून माझा पहिला नंबर होता, आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही.

न्हाव्याचा वस्तरा माझ्या गालावरच थांबलाय.

"आजोबा," तो म्हणतोय, "साडेतीनला तर रांग गोल झाली होती ना? मग पहिला नंबर तुमचा कुठून आला?"