एका लिटरात वीस

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी फत्तेसिंगरावांनी ठरवलं, की आपली छोटी गाडी एका लिटरात वीस किलोमीटर गेलीच पाहिजे. ती तोवर सतरा जात होती आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. पण मैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या कारखान्यात इंधन बचत सप्ताह जवळ आला होता. चहाच्या वेळी मॅनेजर तिरुमलरावांनी सहज विचारलं, कुणाची गाडी किती देते, आणि फत्तेसिंगराव 'वीस' म्हणून गेले. (तीनचाच फरक. चहाच्या भरात एवढं होतं.) तिरुमलरावांनी तिथल्या तिथे महिनाअखेरच्या शनिवारचं भाषण त्यांच्या नावावर लावून टाकलं.

बावीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला आजवर कुणी भाषणाला उभं केलं नव्हतं. फत्तेसिंगराव आतून फुलून गेले आणि तितकेच घाबरलेही. चारशे लोकांसमोर खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होत. तेव्हा वीस आणणं भाग होतं.

घरी वटहुकूम निघाले. चालत्या गाडीत एसी लावायचा नाही, एसी पेट्रोल पितो. काचाही उघडायच्या नाहीत, वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. त्यामुळे संध्याकाळी बाजारात जाताना आई गोदावरीबाई आणि बायको वनजा आत इडलीसारख्या वाफवून निघू लागल्या. डिकीतले एच. डी. कोट्याहून आणलेले नारळ उतरले, आईची घडीची खुर्ची उतरली. टायरांत हवा भरली. वेग चाळीसच्या वर जाईना. वरुण्याच्या रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेली मोपेड त्यांना मागे टाकून गेली, आणि पुढे जाऊन दूधवाल्याने मागे वळून विचारलं, गाडी ढकलायला येऊ का.

वनजाने ड्रायव्हिंग क्लास पुरा केला होता, लायसनही होतं. पण तिचा पाय जड, असं सांगून ते तिला गाडी चालवू देत नसत. आता तर त्यांनी स्वतःही हात आवरता घेतला. कंपनीच्या बसने कामावर जायचं, गाडी दिवसभर दारातल्या करंजाखाली उभी. तेव्हा जेवताना वनजाने विचारलं होतं, उभ्या गाडीलाही ॲव्हरेज असतं का. फत्तेसिंगराव हसले आणि म्हणाले, जी हलतच नाही तिला कसलं आलंय ॲव्हरेज.

आठवड्याने टाकी भरली. हिशेब निघाला तेरा.

त्यांनी तो तीनदा केला, मग कॅल्क्युलेटर बदलून केला. पुढच्या आठवड्यात बूट काढून अनवाणी चालवली, म्हणजे पाय हलका पडावा. आला नऊचा आकडा. आता मात्र त्यांचं डोकं चालेना. गाडी चालवली की पेट्रोल कमी लागतं आणि उभी ठेवली की जास्त, हे कुठल्या शास्त्रात बसतं? गोदावरीबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांचे आजेसासरे मैसूरच्या घोडदळात होते. घोडा उभा असला तरी चंदी खातोच, एवढं बोलून त्या सांडग्यांचं पीठ मळायला निघून गेल्या.

मेकॅनिक चिदंबरने प्लग पाहिले, फिल्टर झटकला आणि निर्वाळा दिला की गाडीत काही नाही, कुणीतरी पेट्रोल काढतंय. चोर! फत्तेसिंगरावांना इतकं हलकं वाटलं की त्या चोराला मिठी मारावी. भाषणाच्या आदल्या दिवशी, भाषण लिहायचं आहे असं तिरुमलरावांना सांगून, त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोनच्या उन्हात पाय न वाजवता फाटकातून आत शिरले.

करंजाखाली गाडी घुरघुरत होती. समोरच्या बाजेवर सांडगे वाळत घातले होते. एक कावळा उतरला आणि गाडीने जोरात हॉर्न दिला. कावळा उडाला. पुढच्या सीटवर शाल गुंडाळून गोदावरीबाई बसल्या होत्या, स्टिअरिंगमागे वनजा ताक पीत होती.

फत्तेसिंगरावांनी मागचं दार उघडलं.

"तूच बोललास नव्हे, चालत्या गाडीत एसी नको म्हणून," आई म्हणाल्या. "आम्ही उभ्या गाडीत लावतो. दोन तास सुम्मने, गप बसून असतो, एक फूट हलवली नाही बघ."

"आणि मी तुम्हाला विचारलंही होतं," वनजा म्हणाली.

हे समजावून सांगायला हवं होतं. उन्हात उभं राहून ते सांगता येईना, म्हणून फत्तेसिंगराव आत बसले. (दोनच मिनिटं.) खिशातून भाषणाचा कागद काढून ते मुद्दे वाचून दाखवू लागले. आत थंडगार होतं. पहिलं पान संपलं, वनजाने ताकाचा पेला दिला, दुसरं पान सुरू झालं. आपण इतकं बरं लिहिलंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मध्येच कावळा आला. वनजा ताक ओतत होती, म्हणून त्यांनीच पुढे वाकून लांबलचक हॉर्न दिला.

काचेवर टकटक झाली. बाहेर घामाघूम तिरुमलराव उभे होते. उद्या गाडी कारखान्याच्या फाटकाशी नमुना म्हणून ठेवायची होती, तिच्यासाठी त्यांनी स्टिकर आणला होता: 'ही गाडी पेट्रोल वाचवते.' त्यांनी घुरघुरणारं बॉनेट पाहिलं, शालीतल्या म्हाताऱ्या बाई पाहिल्या, मागच्या सीटवर ताकाचा पेला आणि भाषण धरून बसलेला आपला वक्ता पाहिला.

फत्तेसिंगरावांचे कान लाल झाले, आणि अजून ते एक अक्षरही बोलले नव्हते.

गोदावरीबाईंनी आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली केली.

"काय ते लवकर बोला," त्या तिरुमलरावांना म्हणाल्या. "काच उघडी राहिली की ॲव्हरेज पडतं, आमचा फत्ते सांगतो."