हेडसरांच्या गाडीचं छप्पर

विमा कंपनीतल्या माणसाने फोनवर बजावून सांगितलं होतं, "सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडीला कुणीही हात लावायचा नाही. वादळाने केली तशीच दिसली पाहिजे, नाहीतर क्लेम विसरा." तेव्हापासून हेडसर गाडीभोवती पहारा देत होते. शाळा सोडून चार वर्षं झाली होती, पण इन्स्पेक्शनची धास्ती काही सुटली नव्हती.

गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल, बाहेर ओढून घ्यायची कापडी कनात, असं चाकांवरचं घर. निवृत्तीनंतर हेडसरांनी ती जुनी विकत घेतली, तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला होता. "आहे ते घर झाडून कंबर मोडते, आता हे दुसरं!" शेवटी तह झाला. हिच्यापायी घरातला आणखी एक पैसा गेला, की गाडी विकायची. हेडसरांनी मान्य केलं, कारण लग्न झाल्या वर्षी त्यांनी काकूंना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं आणि दर सुट्टीत शाळेचं काहीतरी आडवं आलं होतं. या खेपेला काही आडवं येणार नव्हतं. आलं ते वादळ, निघायच्या आदल्या दिवशी. शेजारच्या झाडाची फांदी थेट टपावर.

सर्व्हेअर दुपारी येणार होता. सकाळी हेडसर कागदांच्या झेरॉक्स काढायला निघाले. जाताना घरच्यांना तंबी दिली, "कुणी गाडीकडे फिरकायचं नाही!" काकू काही विचारणार, तोच त्यांनी तर्जनी वर केली. "मध्ये बोलायचं नाही." हे वाक्य त्यांनी तीस वर्षं वर्गात वापरलं होतं आणि घरीही त्याला रजा नव्हती.

वादळाने वीज गेलेली. तीन दुकानं पालथी घातली तेव्हा कुठे चालू मशीन सापडलं. घामाघूम होऊन हेडसर परतले आणि फाटकातच थबकले.

गाडी लखलखत होती. फांदी गायब. काचांचा चुरा गायब. फाटलेली कनात शिवून टाकलेली. खिडक्यांना धुतलेले पडदे. आणि टपावर हातोडी घेऊन त्यांचा मेहुणा बसला होता.

"दाजी, पोचा कुठे होता ओळखा बरं!" तो वरून म्हणाला. "आतून ठोकून काढला. फांदीचे पण तुकडे केलेत, मागे रचून ठेवलेत."

"अरे सत्यानाश!" हेडसर मटकन पायरीवर बसले. "अगं, हे काय करून बसलात?"

"अहो, ते साहेब—" काकू बादली खाली ठेवत म्हणाल्या.

"साहेब येणार म्हणून आवरलंस! माहीत आहे मला! पाहुणा आहे का तो? त्याला आपली मोडतोड दाखवायची होती गं, टापटीप नव्हे!"

"ऐकून तर घ्या—"

"मध्ये बोलायचं नाही! दोन वाजत आले. गेला क्लेम. गेली गाडी. गेला तुझा समुद्र."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं. करा काय करायचं ते," म्हणून त्या पडदे सारखे करायला आत गेल्या.

कॉपी करणाऱ्या पोराला हेडसरांनी जन्मात सोडलं नव्हतं. पण हे खोटं कुठे होतं? जे खरंच घडलं आणि पुसलं गेलं, तेच फळ्यावर पुन्हा लिहायचं. मनाची अशी समजूत घालून त्यांनी फर्मान सोडलं, "फांदी आण!"

"पाच तुकडे आहेत, दाजी."

"दोरीने बांध!"

बांधलेली फांदी टपावर चढली. ती फांदीपेक्षा मोडक्या बाजेसारखी जास्त दिसत होती. पोचा मात्र काही केल्या परत येईना. मेहुण्याचं काम पक्कं होतं, हेच नडलं. "मी हातोडी नाही चालवणार," तो म्हणाला. "आत्ताच सरळ केलंय हो!"

"सरक बाजूला." हेडसर शिडीने वर गेले, धोतराऐवजी आज पँट घातल्याबद्दल देवाचे आभार मानले आणि कवायतीसारख्या उड्या मारू लागले. "एक! दोन!"

तिसऱ्या उडीला त्यांचे पाय हवा यायच्या झरोक्यावर पडले. झाकण प्लॅस्टिकचं. काडकन् आवाज झाला आणि हेडसर काखेपर्यंत आत गेले. वर डोकं आणि दोन्ही हात, खाली काकूंच्या डोळ्यांसमोर लोंबणारे पाय. काकू किंचाळून बाहेर धावल्या.

नेमका तेव्हाच फाटकातून बॅग घेतलेला एक तरुण आत आला.

"काकू, माझा चष्मा राहिला का हो इथे? सकाळी चहा घेताना..." त्याची नजर वर गेली. "हे कोण?"

"हेच ते हेडसर," काकू म्हणाल्या. "आणि अहो, हे सर्व्हेअर. सकाळीच येऊन गेले. पलीकडच्या गल्लीत काम होतं म्हणून लवकर आले. फोटो काढले, आणि आता आवरलंत तरी चालेल म्हणाले."

"क्लेम पुढे पाठवलाय, सर. काही अडचण नाही," सर्व्हेअर म्हणाला.

"मग हे मला सांगितलं का नाहीस?" हेडसर टपावरून ओरडले.

"मध्ये बोलायचं नाही म्हणालात."

मेहुण्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. काकूंनी आणून दिलेला चष्मा लावून सर्व्हेअरने भोक नीट पाहिलं. "हे सकाळी माझ्या नजरेतून सुटलं वाटतं. याचं कारण काय लिहू?"

हेडसरांनी वादळ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"लिहा, मालकाने उड्या मारल्या."

"ते विम्यात बसत नाही, सर."

"ठाऊक आहे." हेडसर काकूंकडे न बघता म्हणाले, "उद्या गिऱ्हाईक बघतो. ठरलं होतं आपलं."

"आता मी बोलू?" काकूंनी पदर खोचला. "सकाळपासून पडदे धुऊन लावलेत मी. आत बसून चहा प्यायले. खिडकीतून कसा छान वारा येतो! गाडीबिडी काही विकायची नाही. भोकाचा खर्च माझ्या पिशवीतून. पण समुद्र येईपर्यंत सगळ्या रस्त्याने मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार."

"अगं, पण—"

"अं हं! बोलायचं असेल तर आधी हात वर करा."

हेडसरांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. इतका वेळ ते त्याच हातांवर तोलून राहिले होते, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. धप्प आवाज झाला, गाडी डुलली, आणि मग आतून आवाज आला, "अगं, गादी फार मऊ घातलीयेस!"