पेशंट सुलभा बोधनकर

आसावरी बोधनकरनं चाळिशीत नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा तिला भीती होती ती अभ्यासाची. पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं, की अभ्यासाचं एक वेळ जमेल, पण अभ्यासाला बसायचं जमणं कठीण आहे. सकाळी कॉलेज, मग हॉस्पिटलमधली ड्यूटी, तिथून मुलीला, चैत्रालीला, व्हायोलिनच्या क्लासहून आणायचं, घरी येऊन पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानावर डोकं ठेवून झोपायचं. नवरा संग्राम गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. तो मदतीला तयार असे, पण डिशवॉशर लावणं हीच त्याला मदतीची परमावधी वाटायची.

मग नागपूरहून तिच्या सासूबाई आल्या. सुलभाताई दोन महिन्यांसाठी म्हणून अमेरिकेत नोव्हायला आल्या, आणि सुनेची अवस्था पाहून त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "तू फक्त पास हो, बाकीचं मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि खरोखरच बघू लागल्या.

आसावरीनं अभ्यासाची एक युक्ती शोधली होती. इंग्रजीत वाचलेलं तिला कळायचं, पण मराठीत बोललेलं डोक्यात राहायचं. म्हणून ती प्रत्येक आजार मराठीतून फोनवर बोलून ठेवायची, तो निरोप व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची आणि गाडी चालवताना ऐकायची. शिवाय प्रत्येक आजार घरातल्या कुणालातरी वाटून द्यायची. माणूस आठवला की आजार आठवे. असे नवऱ्याला, मुलीला, नणंदेला निरनिराळे आजार झाले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हृदयाच्या परीक्षेच्या सकाळी ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. सगळ्यात अवघड धडा अजून बोलून व्हायचा होता. तिनं घाईघाईनं फोन तोंडाशी धरला.

"पेशंट सुलभा बोधनकर, वय एकाहत्तर. हृदय थकलंय, पंप नीट चालत नाही. आडवं झालं की धाप लागते, म्हणून उशांवर उशा घेऊन झोपते. संध्याकाळी पाय सुजतात, चप्पल घट्ट होते. वजन एकदम वाढतं. पेशंट आपणहून काही सांगणार नाही. विचारलं तर 'मला काही झालेलं नाही' म्हणेल. विश्वास ठेवू नये. मीठ बंद. जिना चढू देऊ नये. सपाट झोपवू नये, टेकून बसवावं. रोज वजन. धाप वाढली तर वाट बघत बसू नये, ताबडतोब हॉस्पिटल."

तिच्या व्हॉट्सॲपच्या यादीत तिचं स्वतःचंच नाव नेहमी सगळ्यात वर असे. पण त्या दिवशी नागपूरच्या पुरुषोत्तमकाकांनी, म्हणजे सुलभाताईंच्या धाकट्या दिरांनी, 'बोधनकर कुटुंब' या ग्रुपवर झेंडूच्या फुलांसकट एक सुविचार टाकला होता. त्यामुळे सगळ्यात वर ग्रुप आला होता. आसावरीनं न बघता वरच्या नावावर बोट ठेवलं, निरोप पाठवला, फोन बंद करून लॉकरमध्ये टाकला आणि परीक्षेला गेली. परीक्षेनंतर लगेच प्रॅक्टिकल होतं. दुपारपर्यंत ती जगाच्या संपर्कात नव्हती.

पुढे घरी काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

निरोप पहिल्यांदा ऐकला संग्रामनं, मीटिंगमधून बाहेर येऊन. बायकोला आपल्याशी पाच मिनिटं बोलायला गेले कित्येक आठवडे वेळ झाला नव्हता, त्यामुळे ही बातमी तिनं ग्रुपवर टाकली याचं त्याला फारसं नवल वाटलं नाही. त्यानं तिला फोन केला, तो बंद. मग आईला केला.

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?" सुलभाताई म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही."

संग्रामनं निरोप पुन्हा ऐकला. त्यात हे वाक्य जसंच्या तसं होतं.

तेवढ्यात पुरुषोत्तमकाकांचा नागपूरहून फोन आला. "तू अजून ऑफिसात काय करतोयस? वहिनींना आधी टेकून बसव. आणि ती पोरगी शिकतेय, ती उगाच बोलणार नाही." संग्रामनं मॅनेजरला सांगितलं आणि गाडी काढली.

घरी पोचला तर आई वरच्या मजल्यावर चादरी बदलत होती. "आई, हलू नकोस," असं खालून ओरडून तो धापा टाकत वर गेला. जिना उतरायचा की नाही याबद्दल निरोपात काही नव्हतं. त्यानं थोडा विचार केला आणि एकाहत्तर वर्षांच्या आईला सरळ उचललं. उतरताना मधल्या पायरीवर त्याच्या कमरेत लचक भरली. शेवटच्या पायऱ्या आईच त्याला धरून खाली घेऊन आली.

"काय झालंय रे?" सुलभाताईंनी विचारलं. "भरदुपारी घरी आलास, तोंड उतरलंय. नोकरी गेली का?"

"नाही गं."

"मला सांगायला काय हरकत आहे? सगळीकडे कमी करतायत माणसं, समोरच्या घरातल्याचीही गेली. आपण नागपूरला राहू, मजेत राहू."

संग्रामला भरून आलं. आई स्वतःचं दुखणं लपवून आपली काळजी करतेय, असं त्याला वाटलं. त्यानं तिला आरामखुर्चीत बसवलं, पाठीशी घरातल्या सगळ्या उशा लावल्या आणि बाथरूममधला वजनकाटा आणून समोर ठेवला. सुलभाताई वजनकाट्याकडे आणि मुलाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. नोकरी गेल्यावर माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो असं त्यांनी ऐकलं होतं. त्याला दुखवू नये म्हणून त्या मुकाट्यानं काट्यावर उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतल्या शुभाकाकू खिचडी घेऊन आल्या. संग्रामनं त्यांना फोन करून बिनमिठाचं काहीतरी मागितलं होतं. सुलभाताईंनी एक घास खाल्ला आणि शुभाकाकूंबद्दलही त्यांना काळजी वाटू लागली.

मग दार उघडून रेणू आत आली. रेणू ही संग्रामची धाकटी बहीण, नवरा वीरबरोबर ओहायोतल्या डब्लिनला राहणारी. निरोप ऐकताक्षणी तिनं मीटिंगा कॅन्सल केल्या होत्या आणि ती थेट गाडी हाणत आली होती. आत येऊन तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायला लागली.

सुलभाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस. तू आणि वीर भांडलात का? मला आधीपासून वाटत होतं, तो माणूस जरा जास्तच शांत आहे."

"आई, वीरचं काही नाही. तू कशी आहेस ते सांग."

"मला काही झालेलं नाही."

रेणू आणखी जोरात रडायला लागली.

आसावरीनं लॉकरमधून फोन काढून सुरू केला तेव्हा तो तिच्या हातात बराच वेळ नुसता थरथरत होता. नागपूर, पुणे, बेलव्ह्यू, सगळीकडून निरोप. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला राहणाऱ्या चुलतदिरानं विमानाची चौकशी केली होती. अमरावतीच्या कुणा आत्यांनी अनुष्ठान बसवलं होतं. हे कशाबद्दल चाललंय ते कळेना म्हणून ती वर वर जात राहिली, आणि सगळ्यात वर तिला स्वतःचाच आवाज सापडला. तिनं संग्रामला फोन लावला. तो कमरेवर बर्फ ठेवून पालथा पडला होता आणि फोन दुसऱ्या खोलीत होता. मग तिनं ग्रुपवर लिहिलं, 'आईंना काहीही झालेलं नाही. तो माझा अभ्यास होता.' त्यावर पुण्याहून लगेच उत्तर आलं, 'घाबरू नकोस, धीर धर.'

ती घरात शिरली तेव्हा सुलभाताई उशांच्या सिंहासनावर बसल्या होत्या, संग्राम सोफ्यावर आडवा होता, रेणू नाक पुसत होती, शुभाकाकू तिच्याशेजारी बसल्या होत्या आणि चैत्राली शाळेची बॅग पाठीवर तशीच ठेवून उभी होती.

"आईंना काही झालेलं नाही," आसावरी दारातूनच म्हणाली.

"वहिनी, तूच म्हणालीस ना, विश्वास ठेवू नये म्हणून," रेणू म्हणाली.

"अगं, ते त्यांच्याबद्दल नव्हतं. म्हणजे त्यांच्याबद्दल होतं, पण त्या नव्हत्या. ती परीक्षा होती."

कुणालाच काही कळलं नाही. शेवटी तिनं फोनवरचा स्वतःसाठी ठेवलेला दुसरा एक निरोप लावला. खोलीत तिचा आवाज घुमला. "पेशंट संग्राम बोधनकर, वय पंचेचाळीस, मूळव्याध. बैठं काम. पाणी पीत नाही. लाजेपोटी डॉक्टरांना सांगत नाही—"

संग्राम कंबर विसरून उठून बसला. "हे कुणाकुणाला गेलंय?"

"कुणालाच नाही."

"नीट बघ यार, प्लीज."

"डॅड, इट्स ओके, इट्स व्हेरी कॉमन," चैत्राली म्हणाली.

मग रेणूच्या थायरॉइडचा निरोप निघाला, त्यात 'चिडचिड फार, कारण नसताना' असं होतं. त्यावर रेणूनं चिडून कारण विचारलं. चैत्रालीला कांजिण्या होत्या. शुभाकाकूंनी आपल्याला काय झालंय ते जरा हळूच विचारलं, आणि काही झालेलं नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पाहता पाहता सगळे हसायला लागले. आसावरीनं खात्रीसाठी सासूबाईंचं ब्लड प्रेशर घेतलं. ते घरात सगळ्यांत चांगलं निघालं. संग्रामचं मात्र वाढलेलं होतं.

हसत नव्हत्या फक्त सुलभाताई. सगळे चहाला उठले तेव्हा त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"एक विचारू? एवढं वाईट दुखणं मलाच का दिलंस?"

आसावरीला रडू आवरेना. दिवसभराचा ताण, लाज, सगळं एकदम आलं. "आई, तो धडा सगळ्यात अवघड आहे. जिथे मला भीती वाटते ना, तिथे मी तुमचं नाव घालते. तुमचं नाव असलं की विसरत नाही. तुम्ही आला नसतात तर मी पहिल्या टर्मलाच सोडलं असतं. हे तुम्हाला कधी सांगायलासुद्धा मला वेळ झाला नाही."

सुलभाताईंनी पाठीमागची एक उशी काढून सुनेच्या मांडीवर ठेवली. "पड जरा," त्या म्हणाल्या. "पोळ्या आज रेणू करेल. ती चिडचिड करेल, पण करेल."

रेणू शनिवार-रविवार राहिली. तिनं चिडचिड केली, पोळ्या केल्या, फ्रीजर भाज्यांनी भरून ठेवला. बेलव्ह्यूच्या दिरानं येण्याचा बेत रद्द करून चैत्रालीला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर गणित शिकवायचं कबूल केलं. आणि परीक्षेचा निकाल आला. आसावरी पास झाली, हृदयाचा एकही प्रश्न चुकला नव्हता.

ग्रुपवर चार दिवस नुसती थट्टा चालली होती. एक पुरुषोत्तमकाका सोडून सगळे बोलत होते. काकांचा झेंडूसुद्धा येईनासा झाला होता. ते रागावले असतील असं आसावरीला वाटत होतं. चूक आपली, तेव्हा आपणच माफी मागावी म्हणून तिनं एका सकाळी सुलभाताईंना शेजारी बसवून नागपूरला फोन लावला, स्पीकरवर.

फोन सीमाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं उचलला. मागे कुठलं तरी यंत्र टुकटुक करत होतं.

"काकू, काका माझ्यावर रागावलेत का? त्या निरोपाबद्दल—"

"रागावतील कशाला?" सीमाकाकू म्हणाल्या. "अगं, ते दवाखान्यात आहेत. काळजी करू नकोस, आता बरे आहेत. उद्या घरी सोडतायत. सगळं पार पडल्यावर तुम्हाला कळवावं असं त्यांचंच म्हणणं. पण आपण होऊन फोन केलास, मला फार बरं वाटलं."

आसावरी आणि सुलभाताईंनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुझा निरोप त्यांनी त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा ऐकला. आधी संग्रामवर ओरडले. मग खुर्चीत बसून स्वतःच्या पायांकडे बघत बसले. गेले काही दिवस ते उशांवर उशा घेऊन झोपत होते, आणि मला वाटायचं की घोरणं कमी व्हावं म्हणून. चप्पल घट्ट झाली, तर दुकानदाराला शिव्या दिल्या. त्या संध्याकाळी म्हणाले, सीमा, हे वहिनींचं नाहीये, हे माझं आहे. लगेच रिक्षा केली. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर अवघड होतं."

सुलभाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि फोन आपल्याकडे ओढला.

"भाऊजींना दे."

फोनवर काकांचा आवाज आला, थोडा थकलेला. "वहिनी, तुमचं दुखणं होतं, मी परस्पर घेतलं. राग मानू नका."

"दुखणी घ्यायची असतात का अशी?" सुलभाताई म्हणाल्या.

"सूनबाईला सांगा, इथल्या नर्सेसना मी तिचा निरोप ऐकवला. त्या म्हणाल्या, एकही गोष्ट राहिलेली नाही."

सीमाकाकूंनी फोन परत घेतला. "वहिनी, लग्न झाल्यापासून मी यांना सांगतेय, अंगावर काढू नका, डॉक्टरकडे चला. माझं कधी ऐकलं नाही. तुमच्या नावानं सांगितल्यावर त्याच दिवशी गेले. तेव्हा आता मी ठरवलंय. यांना काहीही बंद करायचं असलं, की ते आधी तुम्हाला बंद झालंय म्हणून सांगायचं. चालेल ना?"

सुलभाताईंनी क्षणभर विचार केला. समोर नाश्त्याचा थालीपिठाचा तुकडा होता आणि त्याच्या बाजूला कैरीच्या लोणच्याची चांगली मोठी फोड.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "आजच सांग, मला लोणचं बंद झालंय." आणि त्यांनी ती फोड तोंडात टाकली.