कुंदामावशींना काहीच सूट होत नाही

मयताला गेल्यावर लोक पायाशी उभे राहून हात जोडतात. कुंदामावशी डोक्याशी उभ्या राहतात, कारण त्यांना चेहरा जवळून बघायचा असतो. आमच्या मजल्यावरचे सावंतकाका गेले तेव्हा घरात रडारड चालली होती आणि मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघितलंस? या वयात एक डाग नाही गं चेहऱ्यावर. काय लावायचे कोण जाणे."

तेराव्याला त्यांनी काकूंना ते विचारलंसुद्धा. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "काही नाही हो, दाढीचा साबण." मावशींना ते फार लागलं. पुढे बरेच दिवस त्यांना काका गेल्याचं कमी आणि साबणाचं दुःख जास्त होतं.

कुंदामावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. लालबागला आमची चाळ होती तेव्हापासूनच्या शेजारी. चाळ पाडून टॉवर झाला, तरी चौदाव्या मजल्यावरही आमचं दाराला दार आलं. मावशींनी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत टायपिंग केलं, आईचं म्हातारपण काढलं. आई गेली, पेन्शन सुरू झालं आणि मावशींनी स्वतःला स्किनकेअरला वाहून घेतलं.

"माझी स्किन खानदानी आहे," त्या सांगतात. "कुणाचंही ऐकून घेत नाही."

वरणभात-मासे खाऊन वाढलेली, नाकावर जरा तेलकट अशी ती चारचौघींसारखी कातडी आहे. पण त्यासाठी एकेक ब्रँड त्या असा तपासतात, जसं काही सांगून आलेलं स्थळ. घराणं कुठलं, आत काय काय आहे, वास कसा. फ्रेंच क्रीमला गर्व फार. आयुर्वेदिकला मुखवासाचा वास. कोरियन बाटलीत गोगलगाईचा चिकट रस असतो हे कळल्यावर तर मावशी थेट मालवणीवर आल्या, "गोगलगाय तोंडाक लावूची? शिरा पडो त्यांच्या तोंडार!" म्हणाल्या आणि लावली.

लावायची पद्धतही त्यांचीच. उजव्या गालाला एक ब्रँड, डाव्याला दुसरा, कपाळाला तिसरा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी त्यांच्याशी लिफ्टबद्दल बोलायला आले, तर म्हणाल्या, "या बाजूने बोला, डावा गाल अजून वाळतोय." वॉचमनला त्याचा टी-झोन, म्हणजे कपाळ आणि नाक, तेलकट असल्याचं त्यांनीच सांगितलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, तक्रार झाली. गणपतीत होमाला बसलेल्या गुरुजींना त्यांनी मध्येच विचारलं, "सनस्क्रीन लावता ना? सारखे आगीसमोर असता." गुरुजी मंत्र विसरले.

आणि दर शनिवारी दादर. तिथे कॉस्मेटिक्सचं एक मोठं दुकान आहे, नवीन क्रीम आधी लावून दाखवतात. परत येताना हिंदमातेला साड्या बघायला मिळतील, या लोभाने मीही जायचे. काउंटरवर समीक्षा नावाची मुलगी असते, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. ती मावशींना स्टुलावर बसवायची, कापसाने चेहरा पुसायची आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू क्रीम लावायची. एरवी झोपेतही बोलत असतील अशा मावशी तेवढा वेळ डोळे मिटून गप्प बसायच्या. मग डोळे उघडून आरशात बघायच्या. "नाही गं पोरी, हे सूट होणार नाही. पुढच्या शनिवारी दुसरं काढून ठेव."

समीक्षा हसायची. चिडायचे मी. एका बाईला एक क्रीम सापडू नये म्हणजे काय! शेवटी मावशींच्या वाढदिवसाला मी समीक्षालाच विचारून एक साधंसं, बिनवासाचं क्रीम आणलं आणि दम दिला, "हे सगळ्या तोंडाला लावायचं. वाटणी करायची नाही."

मावशींनी लावलं. थोड्याच दिवसांत चेहरा असा उजळला की लिफ्टमध्ये बायका विचारायला लागल्या. मला तर अंगावर मूठभर मांस चढलं.

शनिवार आला आणि मावशी साडी नेसून दारात हजर. "चल, दादरला."

"आता कशाला? सूट झालं ना?"

"कसलं सूट? रॅश उठलाय."

मी चष्मा लावला, त्यांना त्यांच्याच घरात खिडकीशी नेलं आणि निरखून बघितलं. गाल लोण्यासारखे. "मावशी, चक्क खोटं बोलता? तुम्हाला क्रीम सापडायलाच नकोय. त्या पोरीचा वेळ खाता, माझे शनिवार खाता..."

"गप रव! तुका काय कळता?" मावशी ओरडल्या आणि मग एकदम खुर्चीत बसल्या. पदराशी चाळा करत राहिल्या.

"सूट झालं म्हटलं, तर ती पिशवीत घालून हातात देईल आणि म्हणेल, थँक्यू मावशी. मग मी तिच्याकडे कशाला जाऊ? आईला शेवटी दिसत नव्हतं. रोज माझ्या तोंडावरून हात फिरवायची, हातानेच बघायची मला. ती गेल्यापासून माझ्या तोंडाक कोणाचो हात लागलो नाय गो."

दाराला दार लागून राहतो आम्ही, वाटीभर आमटी इकडची तिकडे होते, आणि ही बाई गालाला हात लागावा म्हणून दादरला जात होती.

मी हात धुऊन आले आणि त्यांच्या कपाटावरची डबी उघडली. स्टूल ओढून समोर बसले.

"वरच्या दिशेने लाव," मावशी म्हणाल्या. "खाली ओढलंस तर गाल लोंबतात."

"बरं."

"बोटं किती खरखरीत गं तुझी. हातालाही काहीतरी लावत जा."

"मावशी, गप्प बसा."

त्या बसल्या. क्रीम केव्हाच मुरलं होतं. मी बोटं फिरवत राहिले, आणि त्यांनीही पुरे म्हटलं नाही.