पहिला नंबर कोणत्या बीटचा?

गायकानं तोंड उघडलं की श्रावणभाऊ गाणं बंद करतात. गायक केवढा मोठा आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सुरुवातीचं वाजवणं ते डोळे मिटून ऐकतील, मान डोलावतील, मांडीवर बोटं वाजवतील. आणि गायकानं श्वास घेतला की बटण दाबून मोकळे. "झालं, आला बोलाले," एवढंच म्हणायचं, जसा काही तो चपला घालून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलाय.

हे श्रावणभाऊ घाटंजीतले आमचे शेजारी. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांचं संगीत मला आपोआप मिळतं. धंदा मंडप आणि साऊंडचा. लग्न, बारसं, जयंती, तेरवी, प्रचारसभा, तालुक्यात कुठेही चार माणसं खुर्चीवर बसली की त्या खुर्च्या बहुधा भाऊंच्या असतात. वय साठीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा आणि कानांवर मोठाले हेडफोन. थंडीत त्यावरून मफलर गुंडाळतात, तेव्हा लांबून दोन डोकी असलेला माणूस येतोय असं वाटतं.

त्या हेडफोनमध्ये हिप हॉप वाजत असतं. तेही रॅप वगळून, नुसतं वाद्यांचं; अशा तुकड्याला पोरं 'बीट' म्हणतात. खाली दणकणारा ठेका, पोटात गुरगुरणारा बेस आणि वर कुठल्या तरी जुन्या तबकडीतून कापलेला पेटीचा नाहीतर सतारीचा तुकडा, पुन्हा पुन्हा फिरणारा. "जुन्या लुगड्याची गोधडी असते ना मास्तर, तसं हाय हे," भाऊ समजावतात. "लुगडं कोनाचं होतं, कोनी इचारत नाही. ऊब आली का झालं."

हा नाद त्यांना एका लग्नात लागला. नागपूरहून आलेल्या नवरदेवाच्या मित्रांनी पेन ड्राइव्ह दिला. भाऊंनी सवयीनं बोट बटणावर ठेवून गायकाची वाट पाहिली. पण गायक आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात हजर. "मास्तर, पुरं गानं झालं अन् गानारा आलाच नाही! असं बी राह्यते?" मी शाळेत मराठी शिकवतो, जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस. मला ते गाणं वरण न वाढलेल्या भातासारखं वाटलं आणि मी तसं सांगितलंही. "शब्द काढा अन् जान पाहा," भाऊ म्हणाले. तेव्हापासून हे त्यांचं पालुपद होऊन बसलंय. निवडणुकीतल्या उमेदवारांनाही ते हाच सल्ला देतात.

धंद्यातही ते ही हौस भागवून घेतात. एकदा बोंडअळीवरचं शिबिर होतं. कृषी खात्याचे साहेब माइकवरून फवारणीचं सांगत होते, शेतकरी जांभया देत होते. भाऊंनी मशीनजवळ बसून भाषणाच्या खाली हळूच एक ठेका सोडला. पाच मिनिटांत साहेबांचं बोलणं आपसूक तालात आलं. "सकाळी फवारा, वारा पाहून फवारा" असं ते म्हणाले, तशी मागच्या रांगेनं टाळ्यांचा ताल धरला. आपलं भाषण इतकं रंगतं हे साहेबांना नवीनच होतं. आता त्यांना शिबिराला भाऊंचाच साऊंड लागतो. एका तेरवीला मात्र हाच प्रयोग अंगाशी आला. जेवताना जावयाचा पाय हलताना सासूनं पाहिला. पुढचं मी सांगत नाही.

पण भाऊंचा खरा सोहळा असतो डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, त्यांच्या अंगणात. त्या एका वर्षात जगभरातल्या पोरांनी बनवून इंटरनेटवर टाकलेली उत्तमोत्तम बीटं भाऊ वर्षभर जमवतात आणि त्यांतून पहिला नंबर काढतात. नियम कडक. "माल याच सालचा पाह्यजे. मांगच्या सालचा कापूस अन् मांगच्या सालचं बीट, भाव येत नाही." इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून प्रत्येक बीटचं ते नवं बारसं करतात. डब्यातले गोटे. उंदीर पळाला. घाटातली एस.टी. नावं इतकी चपखल, की बीट ऐकल्यावर दुसरं काही सुचतच नाही.

परीक्षक दोन. एक मी आणि दुसरे पंजाबराव, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. मानधन म्हणून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. पंजाबराव सगळ्यांत मोठा आवाज करणाऱ्या बीटला मत देतात, आणि ज्यानं डोकं कमी दुखलं त्याला मी देतो. या मतांचं पुढं काय होतं, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. बीट वाजत असताना भाऊ आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि शेवटी असा काही निकाल द्यायचे, की आमच्या मतांचा त्यात वासही नसे.

"मंग आमाले बलावता कायले?" पंजाबराव दरवर्षी चिडत.

"शेंगा खाले," भाऊ शांतपणे सांगत.

आता कमलवैनींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून भाऊ समजत नाहीत. ही दोघं एके काळी गायन पार्टी चालवायची. वैनी भीमगीतं गायच्या, भाऊ ढोलकीवर. जयंतीच्या दिवसांत घाटंजीपासून पार झरीच्या जंगलातल्या गावांपर्यंत त्यांचे कार्यक्रम. आठवडा आठवडा घराला कुलूप. वैनींचा आवाज मी ऐकलाय. त्यांच्यासमोर माइक ठेवणं म्हणजे निव्वळ शिष्टाचार होता. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज फाटला, खरखरीत झाला. त्यांनी गाणं सोडलं, ते समजण्यासारखं होतं. पण त्यांनी चारचौघांत बोलणंही सोडलं. घरात नवऱ्याशी हळू बोलायच्या. आमच्याशी फक्त हसणं आणि हातवारे. कुठं गाणं लागलं की उठून परसात जायच्या.

"पन गान्यावाचून मी कसा राहू मास्तर?" भाऊ मला एकदा म्हणाले होते. "ते लग्नातलं बीट म्या घरी लावलं. म्हनलं, आता उठते. उठली नाही! बसून राह्यली ना बावा!" सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मग हळूच म्हणाले, "चार लोकाइत एकडाव बोलली पाह्यजे थे. मंग मले काई नोको."

यंदा माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून मी खुर्ची भिंतीकडे ओढली. आणि भाऊ पाठ करून कुठं पाहतात, ते मला प्रथमच दिसलं. समोर स्वयंपाकघराचं दार. दारात कमलवैनी सूप घेऊन डाळ पाखडत बसलेल्या. भाऊंची नजर त्यांच्या हातावर खिळलेली.

म्हणजे आम्ही दोघं नावाचेच परीक्षक होतो. खरा निकाल त्या सुपावर लागत होता. मला हसूही आलं आणि आतून भरूनही आलं.

'मामंजीची काठी' नावाचं बीट लागलं. संथ, जरा थांबून थांबून पडणारा ठेका, आणि मध्ये कुणीतरी पेटीचा एकच सूर धरून ठेवलेला. वैनींचा हात सुपात थांबला. भाऊंचा चेहरा पडला. मग लागली 'घाटातली एस.टी.'. गिअर बदलल्यासारखी गुरगुर, खडखडाट, आणि काय सांगू, सुपावर वैनींची थाप पडायला लागली. थप, थप, थप. भाऊ आनंदानं वळले.

"यंदाचा पयला नंबर, घाटातली एस.टी.!"

पंजाबरावांना आयुष्यात पहिल्यांदा न्याय मिळाल्यासारखं झालं. ते टाळ्या वाजवणार, तोच दारातून आवाज आला.

"एस.टी.ले पयला नंबर? काहून?"

खरखरीत, जाडसर, मध्येच तुटणारा आवाज. आम्ही तिघंही वळलो. वैनी सूप घेऊन अंगणात आल्या होत्या.

भाऊ चाचरले. "तुहा हात... सुपावर ठेका पडून राह्यला होता ना."

"कायचा ठेका? डायीत सोंडे झाले. थे झाडून राह्यली होती मी!" त्यांनी सूप भाऊंच्या नाकाखाली धरलं. त्यात खरंच दोन किडे लगबगीनं चालले होते. "मन लागलं का माहा हात थांबते. थो काठीचा ठेका काय सुंदर होता. इतके साल ढोलकी वाजवली अन् एवढं समजत नाही तुमाले?"

भाऊंनी घाबरत घाबरत विचारलं, "मंग... मांगच्या सालचा पयला?"

"थो बी चूक."

"त्याच्या मांगचा?"

"थो त सबन चूक होता. भांडे पडल्यावानी. आयकू येऊ नाही म्हनून म्या सूप जोऱ्यात आपटलं होतं."

दरसाल वैनींना जे सगळ्यांत कमी आवडलं, तेच भाऊंनी मोठ्या प्रेमानं पहिलं काढलं होतं. पंजाबराव हसता हसता ठसकले. वैनी हसल्या. भाऊही हसत होते, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"मास्तर, उठा," ते म्हणाले. मी उठलो. माझी खुर्ची त्यांनी मफलरनं पुसली आणि वैनींसमोर ठेवली. वैनी बसल्या. मांडीवर सूप तसंच. मग एकेक बीट पुन्हा लागलं, आणि वैनी बोलू लागल्या. इथं बेस उगाच आलाय. इथं एक मात्रा सोडली, म्हणून गोड लागतं. ह्या पोराला लय आहे, पण धीर नाही. आवाज फाटत होता, मध्येच विरत होता, त्या थुंकी गिळून पुन्हा सुरू करत होत्या. भाऊ त्यांच्या पायांशी जमिनीवर बसून लहान पोरासारखे ऐकत होते.

वैनी श्वास घ्यायला म्हणून थोड्या थांबल्यावर पंजाबरावांनी आपलं मत द्यायला तोंड उघडलं. भाऊ एवढ्या जोरात खेकसले, की शेंगांचं ताट हाललं.

"चूप बसा ना बावा! थे बोलून राह्यली!"